पहिल्या रांगेतला माणूस

मैफल म्हटली की श्रोत्यांचे लक्ष गायकाकडे असते; फार तर ते साथीदारांकडे वळते. तंबोरे सुरेल लागले होते की नाही, तबलजीने संयम राखला की नाही, याची चर्चा रसिक घरी जाताना करतात. पण ही मैफल ठरवली कोणी, बिदागीची बोलणी कोणी केली, आगगाडीची तिकिटे कोणी काढली, गायकाच्या दाराशी आलेल्या दहा निमंत्रणांपैकी नऊ नम्रपणे कोणी परत पाठवली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कलेच्या इतिहासात कारभाऱ्यांची प्रकरणे नसतात. असलीच तर ती कलावंताच्या कर्जबाजारीपणाच्या प्रकरणात, तळटीपेच्या आकाराची असतात.

महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगावयास नको. 1913 मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी रसिकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली होती. नाटकगृहे भरत होती, तिकिटे खपत होती. तरीही मंडळीच्या डोक्यावरचे कर्ज मात्र वाढतच गेले. बालगंधर्वांचा गळा दैवी होता, वृत्ती राजाची होती. हिशेबाची वही मात्र त्या वृत्तीला मानवत नव्हती. ज्याच्या गळ्यात लक्ष्मी वसते, त्याच्या तिजोरीत ती राहीलच असे नाही. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असावा लागतो.

असा एक माणूस दक्षिणेत, मद्रास शहरात होऊन गेला. आज त्या शहराला आपण चेन्नई म्हणतो. या माणसाचे नाव त्यागराजन सदाशिवम्. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे पती म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांचे नाते एवढ्या एका शब्दात मावत नाही. ते त्यांच्या मैफलींचे योजक, चित्रपटांचे निर्माते, हिशेबनीस, प्रसिद्धिप्रमुख आणि पहारेकरी होते. आणि या सर्वांच्या आधी ते स्वतः एक गाणारे होते.

सदाशिवम् यांचा जन्म 4 सप्टेंबर 1902 रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या अंगरै या गावी झाला. लाल-बाल-पाल या तीन नावांनी भारलेला तो काळ होता. टिळकांचे नाव कावेरीच्या काठीही तितक्याच आदराने घेतले जात असे. त्या भागात टिळकांच्या मार्गाचा प्रचार करणारे सुब्रह्मण्य शिव हे 1908 साली राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले आणि कुष्ठरोग घेऊन बाहेर आले. तरीही त्यांची वाणी थांबली नाही. त्यांचे भाषण ऐकून शाळकरी सदाशिवम् यांनी शिक्षणावर पाणी सोडले आणि शिव यांच्या भारत समाजात प्रवेश केला. पुढे गांधीजींचा व राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचा, प्रभाव पडला. खादी आली, आंदोलने आली आणि तुरुंगवासही आला.

या चळवळीत सदाशिवम् यांच्या गळ्याला काम मिळाले. आपल्याकडे गणेशोत्सवात मेळे निघत; प्रभातफेरीत चार सुरेल पोरे पुढे आणि बाकीचा जमाव मागे असे. तमिळ प्रदेशात भजनगोष्ठीची परंपरा होती. तिच्याच साच्यात देशभक्तीची गीते बसली. सुब्रह्मण्य भारती यांची गाणी सभांतून आणि रस्त्यांतून गायिली जाऊ लागली. ती इतकी परिणामकारक ठरली, की 1928 मध्ये सरकारला त्यांच्या पुस्तकांच्या जप्तीचा हुकूम काढावा लागला. सदाशिवम् अशा गाणाऱ्यांपैकी एक होते. गळा सुरेल, आवाज खुला, भीड नाही. शास्त्रोक्त कचेरी करण्याची त्यांची तालीम नव्हती. परंतु रस्त्यावरच्या गाण्याने त्यांना एक गोष्ट शिकवली. कोणते पद म्हटले असता जाणारा माणूस थांबतो, आणि कोणते पद लांबले असता थांबलेला माणूस चालू लागतो, हे त्यांना कळले. ही विद्या संगीताच्या कोणत्याही विद्यालयात मिळत नाही. तिच्यावरच पुढे त्यांनी सारी उभारणी केली.

चळवळीतून ते ‘आनंद विकटन’ या लोकप्रिय तमिळ साप्ताहिकात आले. एस. एस. वासन त्याचे मालक होते. सदाशिवम् यांच्याकडे जाहिरात विभाग होता. तेथेच कल्की या टोपणनावाने लिहिणारे आर. कृष्णमूर्ती होते. चळवळीतली ही जुनी मैत्री आता दृढ झाली. एकाच्या हाती लेखणी होती, दुसऱ्याच्या हाती बाजाराची नाडी.

त्या वेळचे मद्रास संगीताच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. पूर्वी गायकाचा आश्रयदाता देऊळ असे, संस्थानिक असे किंवा जमीनदार असे. आश्रयदात्याशी बोलण्यास मध्यस्थ लागत नाही. दरबारात जाऊन नमस्कार करावा लागतो. परंतु 1927 च्या मद्रास काँग्रेसच्या वेळी भरलेल्या संगीत परिषदेतून 1928 मध्ये म्युझिक अकॅडमी जन्मास आली. ठिकठिकाणच्या सभा, म्हणजे आपल्याकडील संगीत मंडळांसारख्या संस्था, बळावल्या. डिसेंबर महिना कचेऱ्यांचा महिना ठरला. 1931 मध्ये तमिळ बोलपट सुरू झाला. ग्रामोफोनच्या तबकड्या गल्लीगल्लीत वाजू लागल्या आणि 1938 मध्ये आकाशवाणीचे मद्रास केंद्र सुरू झाले. आता आश्रयदाता एक राहिला नव्हता. तो हजारो तुकड्यांत विखुरला होता. कोणी तिकीट घेणारा, कोणी तबकडी घेणारा, कोणी रेडिओपाशी बसणारा. या विखुरलेल्या आश्रयदात्याला एकत्र बांधणारा कोणी तरी हवा होता. गायकाच्या एजंटाचा धंदा जगात सर्वत्र अशाच वेळी जन्मास येतो.

मदुरैच्या वीणावादक षण्मुखवडिवू यांची कन्या सुब्बुलक्ष्मी याच सुमारास मद्रासला आली. तिचा जन्म 16 सप्टेंबर 1916 चा. देवदासी परंपरेतील घराणे. आई वीणा वाजवणारी, आजी व्हायोलिन वाजवणारी. लहानपणीच तिची तबकडी निघाली होती. गळा असामान्य होता. परंतु त्या गळ्याचे आणि त्या मुलीचे पुढे काय व्हावयाचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र तिच्या हाती नव्हता. एखाद्या धनिकाच्या आश्रयाला जावे, असा त्या परंपरेचा सरधोपट रस्ता होता. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून स्त्रीच्या गाण्याची प्रतिष्ठित बैठक महाराष्ट्रात रूढ केली, तेव्हा त्यांना ज्या नजरांशी झगडावे लागले, त्याच नजरा मद्रासमध्येही होत्या. 1936 मध्ये तिची व सदाशिवम् यांची ओळख झाली आणि 10 जुलै 1940 रोजी तिरुनीरमलै येथील देवस्थानात त्यांचा विवाह झाला. सदाशिवम् यांचा हा दुसरा विवाह होता. पहिल्या विवाहाच्या दोन मुलींना सुब्बुलक्ष्मींनी आपल्या मानले. त्यांपैकी राधा पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे बसून गायिली.

लग्नाआधीच कारभार सुरू झाला होता. प्रेमचंदांच्या कादंबरीवरून के. सुब्रह्मण्यम् यांनी काढलेल्या ‘सेवासदनम्’ या 1938 च्या चित्रपटात सुब्बुलक्ष्मी प्रथम पडद्यावर आल्या. 1940 मध्ये ‘शकुंतलै’ आला. त्यात त्यांच्यासमोर दुष्यंत होते ख्यातनाम गायक जी. एन. बालसुब्रह्मण्यम्. आणि 1941 मध्ये आला ‘सावित्री’. या तिसऱ्या चित्रपटापाशी मराठी माणसाने क्षणभर थांबले पाहिजे.

‘सावित्री’त सुब्बुलक्ष्मींनी नारदाची पुरुषभूमिका केली. कारण कलात्मक नव्हते. सदाशिवम् आणि कृष्णमूर्ती यांना ‘कल्की’ नावाचे स्वतःचे साप्ताहिक काढावयाचे होते आणि त्यासाठी भांडवल हवे होते. ते नारदाच्या मानधनातून उभे राहिले. 1 ऑगस्ट 1941 रोजी ‘कल्की’चा पहिला अंक निघाला. आणि त्या चित्रपटातील सावित्री कोण होती? आपल्या शांता आपटे! ‘कुंकू’मधली नीरा. या भूमिकेसाठी त्या तमिळ शिकल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी, 1939 मध्ये, याच शांता आपटे करारावरून वाद झाला तेव्हा पुण्यात प्रभात कंपनीच्या दाराशी उपोषणास बसल्या होत्या. 1940 मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून चित्रपटसृष्टीतील कलावंताची स्थिती स्वतःच्या शब्दांत मांडली होती. एकाच चित्रपटात दोन गाणाऱ्या स्त्रिया. एक स्वतःचे भांडण स्वतः भांडणारी. दुसरीचे प्रत्येक भांडण, प्रत्येक सौदा आणि प्रत्येक निर्णय दुसऱ्या कोणी तरी अंगावर घेतलेला. कोणाचा मार्ग सुखाचा होता हे सांगणे सोपे आहे. कोणाचा मार्ग मोकळा होता हे सांगणे तितके सोपे नाही.

यानंतर सदाशिवम् यांनी निर्माता म्हणून ‘मीरा’ हाती घेतला. एलिस डंगन हे अमेरिकन दिग्दर्शक होते. तमिळ ‘मीरा’ 1945 मध्ये आणि हिंदी 1947 मध्ये प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीच्या प्रारंभी सरोजिनी नायडू यांनी पडद्यावर येऊन सुब्बुलक्ष्मींचा परिचय करून दिला. जाहिरात विभागात वाढलेल्या माणसाला ठाऊक होते की, माल चांगला असून भागत नाही. त्याची ओळख कोण करून देतो यालाही किंमत असते. ‘मीरा’ने सुब्बुलक्ष्मींना उत्तर भारतात नेले. आणि तेथेच त्यांचा अभिनय थांबला. कीर्ती शिगेला असताना चित्रपटाचे दार बंद करण्याचा निर्णय सामान्य एजंटाने घेतला नसता. कारण त्याचा वाटा उत्पन्नात असतो. सदाशिवम् यांना मीरेची प्रतिमा पडद्यावरून उतरवून व्यासपीठावर बसवावयाची होती. एकदा मीरा झालेल्या गायिकेने दुसऱ्या कोणाची भूमिका करणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

त्यांच्या कारभाराचा दुसरा खांब म्हणजे धर्मादाय मैफल. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मारकनिधीसाठी त्याच वर्षी सुब्बुलक्ष्मींच्या पाच मैफली झाल्या. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले होते. पण तो एक अपूर्व प्रसंग होता. सदाशिवम् यांनी त्याची पद्धत केली. रुग्णालये, शाळा, देवस्थाने, स्मारके यांच्यासाठी गाणे हा सुब्बुलक्ष्मींच्या जीवनाचा नियम झाला. यात देशसेवा होती, याविषयी शंका नाही. त्याबरोबर देवदासी घराण्यातील मुलीला साऱ्या राष्ट्राने आदराने ‘अम्मा’ म्हणावे अशी प्रतिष्ठाही त्यातून उभी राहिली.

रेडिओचा एक प्रसंग याच काळातला आहे. 1947 मध्ये गांधीजींनी मीरेचे एक भजन सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात ऐकण्याची इच्छा कळवली. ते भजन त्यांच्या गाण्यातले नव्हते. दुसऱ्या कोणी म्हटले तर बरे, असे उत्तर गेले. त्यावर निरोप आला तो असा, की दुसऱ्याने गायिलेले ऐकण्यापेक्षा सुब्बुलक्ष्मींनी नुसते शब्द उच्चारलेले चालतील. मग मद्रास केंद्रात रातोरात ध्वनिमुद्रण करून ते दिल्लीला पाठवण्यात आले. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली आणि आकाशवाणीवरून तेच भजन घरोघर पोचले.

सदाशिवम् काम कसे करीत, याचे उत्तर पहिल्या रांगेत मिळते. मैफलीत ते समोर बसत. पुढचे पद कोणते, हे त्यांच्या खुणेवरून ठरे. आलाप किती, निरवल किती, कृती संपवून भजनाकडे केव्हा वळावयाचे, याची आखणी आधी झालेली असे. कोलकात्यात बंगाली पद हवे, दिल्लीत मीरा आणि तुलसीदास हवेत. दक्षिणेत त्यागराज, दीक्षितर आणि श्यामाशास्त्री हवेत. हे सारे कागदावर मांडूनच मंडळी प्रवासास निघत. शिक्षणाची तजवीजही तेच करीत. शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्याकडे कर्नाटक संगीताची तालीम, दिलीपकुमार रॉय यांच्याकडे भजने आणि हिंदुस्थानी पद्धतीच्या ओळखीसाठी बनारसच्या सिद्धेश्वरी देवींना मद्रासला घरीच निमंत्रण. किलपाक भागातले त्यांचे ‘कल्की गार्डन्स’ हे घर कचेरी, छापखाना, पाठशाळा आणि अतिथिगृह यांचे एकत्र रूप होते.

1963 मध्ये एडिंबरो महोत्सव झाला. त्याच वर्षी वेंकटेश सुप्रभाताची तबकडी निघाली आणि तिच्या रॉयल्टीचे दान तिरुपती देवस्थानाला दिले गेले. आज दक्षिणेतच नव्हे, तर महाराष्ट्रातही असंख्य घरांत सकाळ त्या आवाजाने होते. 23 ऑक्टोबर 1966 रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात सुब्बुलक्ष्मी गायिल्या. कांचीच्या शंकराचार्यांनी त्यासाठी ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत रचले; राजाजींनी इंग्रजी प्रार्थना लिहून दिली. कोणत्या व्यासपीठावर कोणाचे शब्द शोभतील, हे ओळखण्यात जुना मेळेकरी चुकला नाही.

मात्र ज्या हाताने दुसऱ्याचे दान सढळ केले, त्या हाताने घरची शिल्लक राखली नाही. नियतकालिकाचा व्यवसाय तोट्यात आला आणि सत्तरीच्या दशकात कल्की गार्डन्स सोडावे लागले. 1974 मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरवलेली गायिका लहान घरात राहावयास गेली. ही विवंचना तिरुपती देवस्थानाच्या अधिकाऱ्यांच्या कानी गेली. साहाय्य म्हणून काही देऊ केले तर ते स्वीकारले जाणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. तेव्हा अन्नमाचार्यांची कीर्तने व स्तोत्रे यांच्या पाच तबकड्यांची ‘बालाजी पंचरत्नमाला’ सुब्बुलक्ष्मींकडून गाऊन घेण्याची योजना पुढे आली. दान नव्हे, काम. सरकारी फायलींच्या जगात इतकी हळुवार टिपणी क्वचित लिहिली गेली असेल.

आता हिशेबाची दुसरी बाजू. 1872 चा आपला करार कायदा एजंटाविषयी स्पष्ट बोलतो. एजंट दुसऱ्याच्या वतीने वागतो. मागितल्यावर त्याने हिशेब दिला पाहिजे. धन्याच्या संमतीवाचून त्याने त्या व्यवहारात स्वतःचा व्यवहार मिसळता कामा नये. पण पती आणि एजंट एकच असेल, तर हिशेब कोण कोणाला मागणार? नारदाच्या मानधनातून साप्ताहिक उभे राहिले, तेव्हा धनी कोण होता आणि एजंट कोण? सुब्बुलक्ष्मींनी असा प्रश्न जाहीरपणे कधी केला नाही. आपले सर्व यश त्या पतीच्या नावे मांडीत आल्या. तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. चरित्रकार टी. जे. एस. जॉर्ज यांनी 2004 मध्ये आणि गायक टी. एम. कृष्ण यांनी 2015 मधील प्रदीर्घ लेखात तो निरनिराळ्या अंगांनी मांडला. तरुणपणी रागविस्तारात मोकळेपणाने संचार करणाऱ्या त्या गळ्याला पुढे भक्तीच्या आणि पावित्र्याच्या चौकटीत बसवण्यात आले. त्यात एक महान संत-गायिका देशाला मिळाली, परंतु एक साहसी गायिका थोडी हरवली, असा या चिकित्सेचा आशय आहे.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु न्याय करताना त्या काळचे दुसरे पर्यायही डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. मद्रास प्रांतात मुलींना देवदासी करण्यास बंदी घालणारा कायदा झाला तो 1947 मध्ये. त्याआधी अशा घराण्यातल्या किती असामान्य गळ्यांना कोणी विचारले होते, की तुला काय गावयाचे आहे? धनिकाच्या दिवाणखान्यात तो प्रश्न विचारला जात नसे. सदाशिवम् यांनीही तो विचारला असे म्हणता येणार नाही. पण दिवाणखान्याचे दार त्यांनी बंद केले आणि जगाचे दार उघडले. उघडलेल्या दारातून कोणत्या पायरीपर्यंत जावयाचे हे मात्र त्यांनीच ठरवले. उपकार आणि अधिकार एकाच हातात आले की ते वेगळे करणे उपकृतालाही जमत नाही.

आज गायकांच्या कारभाराच्या कंपन्या झाल्या आहेत. करार छापील असतात, टक्केवारी ठरलेली असते, वकील दोन्ही बाजूंना असतात. स्वर विकण्याचे शास्त्र पूर्ण झाले आहे. या शास्त्राला सदाशिवम् यांच्यापासून दोन गोष्टी शिकता येतील. पहिली ही की, दुसऱ्याच्या गळ्याचा कारभार ज्याला करावयाचा आहे, त्याने निदान एकदा तरी उन्हात उभे राहून, न थांबणाऱ्या माणसांसमोर, स्वतः गाऊन पाहिलेले असावे. सुराला विश्रांती लागते आणि होकारापेक्षा नकाराने आवाज अधिक टिकतो, हे त्याशिवाय कळत नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या उणिवेतून शिकावयाची. कलावंताच्या डोक्यावरचे सर्व ओझे उतरवून घ्यावे. परंतु त्याबरोबर निवडीचा हक्क उचलून नेऊ नये. तो ओझ्यात मोडत नाही.

सदाशिवम् नोव्हेंबर 1997 मध्ये निवर्तले. दुसऱ्याच वर्षी सुब्बुलक्ष्मींना भारतरत्न मिळाले. संगीताच्या क्षेत्रातील व्यक्तीला मिळालेला तो पहिलाच मान. परंतु पतीच्या निधनानंतर त्या जाहीर मैफलीत पुन्हा गायिल्या नाहीत. 11 डिसेंबर 2004 रोजी त्या गेल्या, तोवर सात वर्षे ते मौन टिकले. ज्यांना सदाशिवम् थोर वाटतात, ते या मौनात निष्ठा पाहतात. ज्यांना ते कठोर वाटतात, ते त्यात स्वतःची वाट निवडण्याची सवय मोडलेली स्त्री पाहतात. ज्या खुणेवर साठ वर्षे एक आवाज उमलला, ती खूण करणारा माणूस पहिल्या रांगेत आता नव्हता, एवढेच आपण निश्चित म्हणू शकतो.